हौसेला मोल नसतं?

समजा तुमच्यासमोर दोन गाड्या उभ्या आहेत. दोन्ही पोर्शे ९११, दोन्ही १९७३ सालच्या, दोन्हींचा रंग पांढरा. दोन्हींच्या पाठीवर बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला स्पॉयलर आणि दोन्हींच्या बाजूला निळ्या अक्षरांत लिहिलेलं 'कॅरेरा'. दहा फुटांवरून पाहिलं तर जुळ्या बहिणी! पण बाजारात एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट. कारण एकीची शेपटी कारखान्यातून आली आणि दुसरीची नंतर कुणीतरी हौसेने बसवली.

हा विषय निघाला की मेसच्या टेबलावर ताबडतोब दोन पार्ट्या पडतात. पहिली पार्टी म्हणते, "गाडी त्याची, पैसे त्याचे. तो गुलाबी रंग मारेल नाहीतर सीटला वेलबुट्टीचं कव्हर घालेल, आपल्याला काय करायचंय? हौसेला मोल नसतं!" दुसरी पार्टी एकदम कडक सोवळ्यातली. त्यांच्या मते जुन्या गाडीचा एक नट जरी बदलला तरी ती संपली. मला विचाराल तर दोघेही चुकीच्या ठिकाणी मोजपट्टी लावताहेत. बदल किती छोटा आहे, किती शोभतो, किती पैसे लागले, हे प्रश्न दुय्यम आहेत. जुन्या स्पोर्ट्स कारच्या किमतीवर परिणाम होतो तो दोन गोष्टींचा. केलेला बदल परत काढता येतो का? आणि तो केलाय हे सांगितलंय का? बाकी सगळं त्यानंतर.

आधी शेपटीची हकीगत सांगतो, म्हणजे मुद्दा नीट कळेल. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या मोटार शोमध्ये पोर्शेने '९११ कॅरेरा आरएस २.७' दाखवली. रेसिंगच्या एका गटात उतरायचं तर नियमाप्रमाणे तशा ५०० गाड्या बनवणं भाग होतं. प्रत्यक्षात १५८० बनल्या. इंजिन २६८७ सीसीचं, ताकद २१० हॉर्सपॉवर, पत्रा पातळ, काचाही पातळ. सगळ्यात हलक्या प्रकाराचं वजन सुमारे ९६० किलो. आणि ती शेपटी काही शोभेसाठी लावली नव्हती. ९११ ची पाठ उतरती आहे. वेगात असताना हवा त्या उतारावरून जाते तेव्हा गाडीचा मागचा भाग वर उचलला जायला बघतो आणि मागच्या चाकांची पकड कमी होते. आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये जिच्या नावाने खडे फोडतो तीच ही लिफ्ट. शेपटीमुळे ती कमी झाली. थोडक्यात, आज ज्याला आपण 'कॉस्मेटिक' म्हणतो ते मुळात इंजिनिअरिंग होतं.

आता त्याच वर्षीची साधी ९११ टी घ्या. बॉडीचा आकार जवळपास तोच, इंजिन २.४ लिटरचं आणि ताकद बरीच कमी. कुणाला वाटलं, आपलीही आरएससारखी दिसली तर काय बिघडलं? खरंच काही बिघडत नाही. ही शेपटी म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचाच भाग. बिजागरीचे बोल्ट काढले, जुनं झाकण उतरवलं, नवं बसवलं, की झाली आरएस! जुनं झाकण गोधडीत गुंडाळून गॅरेजच्या माळ्यावर ठेवलं की उद्या गाडी पुन्हा होती तशी. बाजूचं 'कॅरेरा' तर नुसतं स्टिकर, काळजीपूर्वक काढलं तर निघून जातं. इतपत बदलाने गाडीच्या किमतीला फारसा धक्का लागत नाही. आवड नसलेला गिऱ्हाईक सुरुवातीला नाक मुरडेल, पण माळ्यावरचं झाकण पाहिल्यावर गप्प बसेल.

पण हौस इथे थांबत नाही, हीच तर हौसेची गंमत आहे. खऱ्या आरएसची मागची चाकं ७ इंच रुंद होती, पुढची ६ इंच. त्या रुंद चाकांसाठी मागचे मडगार्ड फुगवलेले होते. आता नकलेलाही तसेच फुगीर मडगार्ड हवेत म्हटल्यावर झाकण बदलून भागत नाही. पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा, पुटी भरायची, घासायची, रंग मारायचा. दहा फुटांवरून दिसायला फरक इंच-दोन इंचांचा, पण हा बदल परत फिरवायचा तर मोठं ऑपरेशन. आणि ते करूनही कारखान्यातले मूळ वेल्ड काही परत येत नाहीत. थर्मोच्या सरांनी घसा कोरडा करून सांगितलेला फरक इथे अगदी चपखल बसतो. झाकण बदलणं ही जवळपास रिव्हर्सिबल प्रोसेस आणि मडगार्ड कापणं ही इरिव्हर्सिबल. दुसऱ्या प्रकारात एन्ट्रॉपी वाढते आणि तिचं बिल शेवटी मालकाच्या नावावर निघतं.

पहिली पार्टी यावर म्हणेल, "पण रुंद मडगार्ड आज लोकांना आवडतात ना?" आज आवडतात, कबूल. पण फॅशन ही गोष्ट सेमिस्टरच्या वेळापत्रकासारखी असते, कधी बदलेल याचा भरवसा नाही. १९७४ च्या पॅरिस शोमध्ये पोर्शेने ९११ टर्बो आणली. रुंद मागचा भाग आणि मोठा थोरला स्पॉयलर. पुढच्या काळात कितीतरी जणांनी आपल्या जुन्या, सडपातळ ९११ चे मडगार्ड कापून त्यांना टर्बोचं रूप दिलं. त्या वेळी ते 'अपडेट' होतं. पुढे वारं फिरलं. आता लोक नंतरच्या काळातल्या ९११ घेतात आणि त्यांचे बंपर, मडगार्ड, दिवे बदलून त्यांना १९७० च्या आसपासचं रूप देतात. याला 'बॅकडेट' म्हणतात. म्हणजे जुनीला नवी केली आणि नवीला जुनी! मधल्या मध्ये ज्यांनी सडपातळ गाडी कापली होती त्यांना मूळ आकार परत आणायला पदरचे पैसे मोजावे लागले. ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते मात्र मिशीला तूप लावून बसले. मूळ गाडीतून हवं ते रूप केव्हाही करता येतं, पण कापलेल्या गाडीतून मूळ गाडी पुन्हा होत नाही. माझ्या मते मूळ स्थितीला जास्त किंमत मिळते ती या मोकळीकीची. त्यात जुन्याची अंधभक्ती शोधायचं कारण नाही.

जग्वारच्या ई-टाइपचं उदाहरण याहून बारीक आहे. १९६१ साली जिनिव्हाच्या शोमध्ये ही गाडी आली तेव्हा सुरुवातीच्या सुमारे ५०० गाड्यांच्या बॉनेटची कुलपं बाहेरच्या बाजूला होती. बॉनेट उघडायचं तर वेगळी किल्ली घेऊन बाहेरून फिरवायची. गैरसोयच म्हणा. कंपनीने लवकरच खटके आत नेले. ई-टाइप एकूण ७० हजारांच्या वर बनल्या. त्यातल्या या पहिल्या पाचशेंच्या मागे आज संग्राहक धावतात आणि ओळख म्हणून आधी पाहतात ती तीच गैरसोयीची कुलपं. ती भोकं बुजवून कुणी 'सुधारणा' केली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. जे आज उणं वाटतं तेच उद्या पुरावा ठरतं.

पुरावा! माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली याच शब्दात आहे. जुन्या स्पोर्ट्स कारला लोक एवढे पैसे का मोजतात? निव्वळ वेगच हवा असेल तर आजची साधी हॅचबॅकसुद्धा त्यातल्या कित्येक गाड्यांना मागे टाकेल. पैसे मोजतात ते 'ही तीच गाडी आहे' या खात्रीला. चासीवरचा नंबर, फॅनजवळ क्रँककेसवर ठोकलेला इंजिन नंबर, रंगाच्या कोडची पट्टी, कंपनीच्या दप्तरातली नोंद, हे सगळं एकमेकांशी जुळलं की खात्री पटते. प्रत्येक बदल या साखळीतली एखादी कडी सैल करतो. काही बदलांनी कडी नुसती हलते, काहींनी तुटते. किमतीतली घट म्हणजे त्या तुटलेल्या कडीची भरपाई.

या नजरेने पाहिलं की नेहमीचे छोटे बदल आपोआप रांगेत उभे राहतात. टायर, बॅटरी, ब्रेकचे पाइप यांचा प्रश्नच नाही. ते झिजणारच आणि बदलणारच. स्टिअरिंग व्हील बदललं, मूळचं जपून ठेवलं, तर चिंता नाही. रेडिओचंही तेच. पोर्शे स्वतःच जुन्या ९११ च्या मूळ खाचेत बसणारा, आतून आधुनिक असलेला रेडिओ विकते. पण मोठे स्पीकर बसवायला दाराच्या पत्र्यात भोकं पाडली, एरियलसाठी मडगार्डला ड्रिल मारला, की रांगेतला नंबर एकदम मागे गेला. गाणी तीच ऐकली, पण एकाने खाच वापरली आणि दुसऱ्याने ड्रिल.

चाकांचा किस्सा तर आपल्या मटेरिअल सायन्सच्या ओरलला विचारावा असा आहे. जुन्या ९११ ची फुक्स कंपनीची फोर्ज केलेली चाकं प्रसिद्ध आहेत. त्यांना कारखान्यात अॅनोडायझिंग केलेलं असायचं, त्यामुळे चमक जराशी मंद. काही मालकांना ती मंद चमक पटत नाही. ते बफिंग मारून चाकं आरशासारखी करतात. लांबून पाहणारा म्हणतो, वा! जाणकार म्हणतो, अरेरे! कारण आरशाच्या नादात वरचा ऑक्साइडचा थर गेला. तोच थर गंज आणि ओरखड्यांपासून सांभाळत होता. काही जोडलं नाही, काही कापलं नाही, नुसतं चमकवलं, तरी बदल कायमचा. बदल 'किती छोटा' हे मोजून काही कळत नाही, ते यासाठीच म्हणतो.

आणि रंग. रंग हा सगळ्यात फसवा विषय. लोकांना वाटतं, रंगच तर आहे, परत मारू. पण कारखान्याचा रंग गाडीला आयुष्यात एकदाच मिळतो. रंगाची जाडी मोजायचं छोटं मशीन मिळतं. पोलादी पत्र्यावर ते चुंबकीय तत्त्वावर चालतं, अॅल्युमिनियमवर एडी करंटवर. कारखान्याचा रंग साधारण १००-२०० मायक्रॉनच्या घरात असतो. वरून दुसरा हात दिला की आकडा वाढतो आणि खाली पुटी भरलेली असेल तर थेट हजाराच्या पुढे. रंग त्याच छटेचा असेल तर नुकसान मर्यादित. छटाच बदलली असेल तर कार्पेटखाली, डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या कोपऱ्यात जुना रंग डोकावतोच. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, पण मशीन फसत नाही.

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी दोन उदाहरणं मीच देतो, नाहीतर कुणीतरी कँटीनमध्ये गाठून ऐकवेलच.

पहिलं 'सिंगर'चं. रॉब डिकिन्सन या इंग्लंडमधल्या रॉक गायकाने २००९ साली कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. ते १९९० च्या आसपासची ९११ घेतात, तिला पूर्ण उघडतात आणि कार्बन फायबरची बॉडी चढवून जुन्या काळचं रूप देतात. मूळ गाडीच्या कितीतरी पट किमतीला ती जाते. मग बदलाने किंमत वाढली ना? वाढली. पण ती गाडी 'मूळ ९११' म्हणून विकलीच जात नाही. कुणी केली, काय केलं, सगळं जाहीर. लोक पैसे देतात ते नव्या कारागिराच्या सहीचे. गल्लीतल्या गॅरेजने तसंच रूप दिलं तर ती सही कुठून आणणार?

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या स्पर्धेत पहिल्यांदाच रिस्टोअर न केलेली, जशी होती तशी जपलेली गाडी सर्वोत्कृष्ट ठरली. १९३४ ची बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्स. चरे, झिजलेलं लेदर, विटलेला रंग, सगळं तसंच. गंमत अशी की तो विटलेला काळा रंग आणि त्यावरचा पिवळा पट्टा मूळचा नाहीच! ग्रांप्रीत धावलेली ही गाडी नंतर बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली आणि त्यांच्या पसंतीने तिला हा रंग मिळाला. म्हणजे राजेसाहेबांनीही कॉस्मेटिक बदलच केला! मग तो चालला कसा? कारण तो कुणी केला आणि कोणत्या काळात केला हे माहीत आहे, आणि नंतरच्या मालकांनी तो पुसायचा खटाटोप केला नाही. आज त्यावर मूळचा निळा रंग मारला तर तीच मोडतोड ठरेल. सोवळ्यातल्या पार्टीने हे जरूर लक्षात घ्यावं. बदलसुद्धा कालांतराने इतिहास होतो, फक्त त्याची नोंद हवी.

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२ मध्ये ट्युरिनची सनद संमत केली. तिचा सूरही असाच आहे. बदल करावाच लागला तर मूळ रचनेला कमीत कमी धक्का लावा, शक्यतो परत काढता येईल असा करा, काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवा. आपल्या सरकारनेही जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. वाहन ५० वर्षांहून जुनं हवं, मूळ रूपात हवं आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नकोत. अशा गाड्यांना नंबरप्लेटवर 'व्हीए' ही वेगळी अक्षरं मिळतात. म्हणजे मूळ रूप हा आता आपल्याकडेही नुसता शौकिनांच्या गप्पांचा विषय राहिलेला नाही.

तुम्ही म्हणाल, पोर्शे आणि बुगाटीशी आपला संबंध काय? आपली धाव पार्किंगमधल्या दुचाकीपर्यंत. बरोबर आहे. पण त्याच पार्किंगमध्ये कुणाच्या तरी बाबांची किंवा काकांची आरएक्स १०० उभी आहे. १९९६ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं आणि तेव्हापासून मूळ स्थितीतल्या गाड्या कमीच होत चालल्यात. तिचा मागचा मडगार्ड कापायला निघालेला वीर प्रत्येक बॅचला एक तरी असतो. त्याला कुणी अडवू नये, गाडी त्याच्या घरची आहे. फक्त ब्लेड लावायच्या आधी त्याने एवढंच विचारावं, हे बोल्टवर भागेल का? भागत असेल तर खुशाल कर. मूळ भाग भंगारवाल्याला देऊ नकोस, घरी माळ्यावर टाक. कापल्याशिवाय होतच नसेल तर निदान घरी फोन करून विचार.

आणि ज्या दिवशी गाडी विकशील त्या दिवशी काय काय बदललंय ते घेणाऱ्याला आपणहून सांग. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. जुन्या गाड्यांच्या बाजारात उलट आहे, तिथे उघडी मूठ सव्वा लाखाची. जो विक्रेता स्वतःहून म्हणतो, "झाकण नंतरचं आहे, मूळचं हे घ्या, रंग एकदा दिलाय, हे फोटो", त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसतो. जो लपवतो त्याचं एक पितळ उघडं पडलं की खऱ्या गोष्टींवरही संशय येतो आणि भाव त्या संशयाने पडतो. नुकसान त्या एका गाडीपुरतंही राहत नाही. शेपटीवाल्या खोट्या आरएस 'खऱ्या' म्हणून खपवल्या गेल्या, त्यामुळे आज खऱ्या मालकालाही दहादा कागद दाखवावे लागतात. लबाडी एकाची आणि भुर्दंड सगळ्यांना.

आपण ड्रॉइंग शीटच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा रकाना आखतो. बहुतेक वेळा तो रिकामाच असतो आणि सर सही करताना त्याकडे बघतही नाहीत. कंपनीत गेल्यावर मात्र कळतं की ड्रॉइंग बदलणं हा गुन्हा नाही, रकाना न भरता बदलणं हा आहे. जुन्या गाडीला असा छापील रकाना नसतो, तो मालकाने स्वतः ठेवायचा असतो. शंभर पानी वही, चार फोटो, मूळ भागांचा एक खोका, झालं काम. हौस जरूर करावी, हौसेशिवाय जुन्या गाड्या कोण सांभाळणार? फक्त तिला मोल नसतं हे मला पटत नाही. मोल असतं, आणि बरेचदा ते आपल्यानंतरच्या मालकाला द्यावं लागतं.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)